आण्णांच्या तोडीचा गूळ: पन्हाळा रस्त्याच्या कडेचं एक गुऱ्हाळ

गुळाच्या बाबतीत मी कुणाला पटकन चांगलं म्हणत नाही. शिवाजी पेठेत माझं पोळ्यांचं घरगुती काम आहे. संक्रांतीला गुळाच्या पोळ्या, होळीला पुरणाच्या, मधल्या काळात शेंगदाण्याचे लाडू आणि चिक्की. गूळ फसला की माल फसतो, आणि माल फसला की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं राहतं. शिवाय मी गुळव्याची लेक. माझ्या वडिलांनी, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणायचो, सगळी हयात काहिलीपुढं, म्हणजे उसाचा रस आटवायच्या मोठ्या उघड्या कढईपुढं काढली. त्यांच्या माघारी डोळे झाकून घरात घ्यावा असा गूळ मला मिळत नव्हता. आता मिळालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

कोल्हापुरातून शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याकडं निघालं की वाघबीळचा चढ लागायच्या बऱ्याच आधी एक कच्चा रस्ता उसात शिरतो. पाटी नाही, गुऱ्हाळाला नावही नाही. सकाळी गेलात तर उसाच्या तुऱ्यांवरून धूर दिसतो, आणि वारा तुमच्याकडं असेल तर धुराच्या आधी वास येतो. दिवाळी उरकली की हे पेटतं आणि उन्हं तापेपर्यंत चालतं. पत्र्याचं छप्पर, विटांची चिमणी, अंगणात वाळत घातलेली चिपाडं, एका बाजूला चरक आणि मधोमध चुलवाणावर काहील. मालक पंचेचाळिशीचे, ऊस निम्मा घरचा, निम्मा आजूबाजूच्या रानातला. गुळव्या शाहूवाडीकडचा, हंगामापुरता बायकामुलांसह इथंच राहतो. अबोल माणूस. आमचे आण्णा ह्याच्या बरोब्बर उलट होते, ते पुढं येईलच.

आधी गुळाबद्दल. मी पहिल्यांदा गेले तेव्हा विकत काहीच घेतलं नाही. एक आधण, म्हणजे काहिलीभर रसाचा एक घाणा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं. दुकानात ठेवलेली ढेप बघून गुळाचं काही कळत नाही, तो करणाऱ्याचा हात बघावा लागतो. चरकातून रस आला, गाळून काहिलीत पडला, चुलवाणात चिपाडं पडायला लागली. रस कोमट झाल्यावर गुळव्यानं बादलीतलं रानभेंडीचं पाणी ओतलं. रानभेंडीच्या काड्या ठेचून पाण्यात चोळल्या की बुळबुळीत चिकट पाणी होतं, ते रसातला गाळ धरून वर आणतं. ही वर आलेली मळी काढण्यात निम्मा गूळ असतो असं आण्णा म्हणायचे. इथल्या गुळव्यानं पहिली काळपट मळी झाऱ्यानं काढली, थांबला, जाळ थोडा कमी करायला सांगितला, आणि मग दुसरी पांढरट मळी येईपर्यंत हात बांधून उभा राहिला. ह्या थांबण्याला वेळ जातो. जिथं दिवसाला जास्तीत जास्त आधणं उतरवायची घाई असते तिथं ही दुसरी मळी तशीच आत राहते आणि मग गुळाला दाताखाली खरखर लागते.

पुढचं सगळं जाळाचं काम. रस उकळून फुगायला लागला की थोडी चुन्याची निवळी आणि ऊत आवरायला शेंगतेलाचे चार थेंब, एवढंच पडलं. हायड्रॉसची, म्हणजे रंग उजळायच्या रसायनाची, पुडी फुटली नाही. हायड्रॉस टाकलं की गूळ पिवळाधमक दिसतो, सौद्यात आणि दुकानात उठून दिसतो, पण थोड्या दिवसांनी त्याचा रंग उतरतो आणि चवीला मागं एक वेगळाच वास राहतो. हा गूळ तपकिरी आहे. विटकरीकडं झुकणारा, मध्येच एखादी गडद रेघ असलेला. पांढऱ्या-पिवळ्या गुळाची सवय असलेल्यांना तो पहिल्यांदा बघून आवडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गूळ उतरवायची वेळ हा गुळव्याचा खरा कस. गूळ संशोधन केंद्रातली माणसं थर्मामीटर लावून सांगतात की काकवी १०५-१०६ अंशाला तयार होते आणि ढेपेचा गूळ ११८ ते १२० अंशाला. बारा-पंधरा अंशांचा हा पल्ला काहिलीत बघता बघता संपतो. इथल्या गुळव्यानं उलथण्याच्या टोकावरचा पाक गार पाण्याच्या भांड्यात सोडला, बोटांनी गोळी वळली आणि ती काहिलीच्या काठावर आपटली. टण्ण आवाज आला. तो नुसता मानेनं "हं" म्हणाला, आणि चौघांनी काहिलीच्या कड्यांत साखळ्या अडकवून ती उचलून वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या उथळ हौदात, रिकामी केली. मग लांब दांड्याच्या फावड्यानं घोटणं, आणि घट्ट व्हायला लागल्यावर कापड घातलेल्या बादल्यांत भरणं. आण्णा गोळी आपटायचे तेव्हा सगळ्या पोरांना गप्प करायचे आणि कानाला हात लावून म्हणायचे, "ऐका, गूळ बोलतोय का!" आणि टण्ण झालं की स्वतःच टाळी वाजवायचे. उभ्या जन्मात हजारो आधणं उतरवलेल्या माणसाला प्रत्येक वेळी तेवढाच आनंद व्हायचा.

आण्णांचं गाव वडणगे-निगवे पट्ट्यातलं. तिघा भावांत मिळून थोडी जमीन, स्वतःचं छोटं गुऱ्हाळ, आणि हंगामात दुसऱ्यांच्या गुऱ्हाळावरही बोलावणं. लहानपणी ते आजोबांबरोबर बैलगाडीतून गुळाचे रवे, म्हणजे बाजाराच्या मोठ्या ढेपा घेऊन शाहूपुरीत जायचे. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली ती पेठ. गाडी रात्री निघायची आणि पहाटे अडत्याच्या दारात उभी राहायची. सौदा झाला की आजोबा त्यांना मिसळ खायला न्यायचे आणि तिथून थेट खासबागेत, मैदान असेल तर कुस्तीला. तेव्हापासून कुस्ती त्यांच्या अंगात शिरली ती कायमची. स्वतः कधी लंगोट लावला नाही, पण युवराज पाटील आणि सतपाल यांची खासबागेतली कुस्ती त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलीय की मला ती बघितल्यासारखी वाटते. सांगताना ते दोन्ही पैलवान व्हायचे. काहिलीवरचा झारा बाजूला ठेवून शड्डू ठोकायचे, चुलतभावाच्या मानेवर हात टाकून त्याला गोल फिरवायचे, आणि चुलवाणात जाळ घालणारा खालून ओरडायचा, "आण्णा, ऊत आलाय!" मग तशीच धाव परत काहिलीकडं.

माघ महिना आला की जोतिबाचे खेटे. रविवारी पहाटे कोल्हापुरातली माणसं पंचगंगेवरून निघून वडणगे, निगवे, कुशिरे करत अनवाणी डोंगर चढतात. ती वाट आमच्या गुऱ्हाळाजवळून जायची. ऐन हंगामाचे दिवस, पण खेट्याच्या रविवारी आण्णा पहिलं आधण विकायला काढायचेच नाहीत. मध्यरात्रीच चुलवाण पेटवायचे, आणि झुंजूमुंजू व्हायला माणसं दिसायला लागली की वाटेवर जाऊन उभे राहायचे. "चांगभलं! या, तोंड गोड करून जावा." उसाच्या कांडक्यावर गरम गूळ गुंडाळून प्रत्येकाच्या हातात. कुणी घाईत असलं तर त्याच्या बरोबर चार पावलं चालत जाऊन द्यायचे. आईचा आणि त्यांचा ह्यावरून दरवर्षी वाद व्हायचा, कारण एका आधणाचा गूळ म्हणजे रोख पैसे. आई बोलायची आणि बोलता बोलता शेंगा भाजून टोपलीत भरायची, त्याच माणसांना वाटायला.

आमच्या घरात त्यांनी कुणाला रडत झोपू दिलं नाही. चुलत्यांची धरून आम्ही सात-आठ पोरं. परीक्षेत कुणी नापास झालं की ते त्याला काही न बोलता गुऱ्हाळावर न्यायचे, चुलवाणाच्या राखेत बटाटे आणि रताळी पुरायचे, आणि ती भाजेपर्यंत गोष्ट सांगायचे. अभ्यासाचा विषय निघायचाच नाही. धाकटा चुलतभाऊ नंतर म्हणायचा की मी एकदा मुद्दाम नापास होणार होतो. सप्ताहात गावात सोंगी भजन असलं की आण्णा ठरलेलं गवळणीचं सोंग घ्यायचे, आईचं लुगडं नेसून. आई ते लुगडं आधी धुऊन, इस्त्री करून द्यायची. मिशा काढायला मात्र कधी तयार झाले नाहीत. पदर मिशीवर ओढून लाजायचे आणि बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या.

आणि जावयांची गोष्ट तर सांगायलाच हवी. माझं लग्न झालं त्याच वर्षीची संक्रांत. आमचे हे शहरातले, पांढराशुभ्र शर्ट घालून गुऱ्हाळ बघायला आले. आण्णा काहिलीपुढं एकदम गंभीर चेहरा करून उभे.

"जावईबापू, जरा अडचण झालीया. काहिलीची किल्ली पलीकडच्या गुऱ्हाळावर राहिली. आधण उतरायच्या आत पायजे, न्हाईतर काहील उघडायची न्हाई."

हे लगबगीनं सायकल घेऊन निघाले. पलीकडच्या गुळव्यानं एका शब्दात ओळखलं. "किल्ली व्हय? आत्ताच खालच्या गुऱ्हाळावर नेली की. बसा पाव्हणं, रस घ्या." तिथं रस, खालच्या गुऱ्हाळावर काकवी-भाकरी, आणि तिथून तिसऱ्या ठिकाणी. तिसऱ्यानं जुन्या चरकाचं एक लोखंडी चाक पोत्यात बांधून दिलं. "जपून न्या, पिढीजात हाय." हे घामाघूम होऊन ते मण-दीड मणाचं ओझं सायकलीवर ढकलत परत आले. आण्णांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, काहिलीला नमस्कार केला. सगळे गडी खाली माना घालून उभे. आईनं तोंडात पदर कोंबला होता. आणि मग आण्णांनाच राहवलं नाही, त्यांनी ह्यांना मिठी मारली, पहिला गरम गूळ ह्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आता तुम्ही घरचं झालासा." पुढं माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा तिच्या नवऱ्याला किल्ली आणायला ह्यांनीच पाठवलं. आजूबाजूच्या गुऱ्हाळांवर ते चाक बरीच वर्षं त्यासाठीच जपून ठेवलेलं होतं.

२०१९ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीकडची माणसं घरंदारं सोडून बाहेर काढावी लागली. आण्णांचं तेव्हा वय झालं होतं, गुडघे दुखायचे. तरी काकवीचे डबे आणि भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन ते छावणीत गेले आणि पोरांना गोळा करून तीच कुस्ती करून दाखवली, ह्या वेळी दोन्ही पैलवान बसूनच. त्या वर्षी आमचाही ऊस पाण्याखाली होता. बुडालेल्या उसाचा गूळ खारवट होतो, नीट बसत नाही. घरी आल्यावर ते रानाच्या बांधावर बराच वेळ उभे होते, ते माझ्या भावानं सांगितलं. आमच्यासमोर त्यांनी ते दाखवलं नाही.

त्यानंतर आमचं गुऱ्हाळ पेटलं नाही. माणसं मिळत नाहीत, चुलवाणापुढं बसायला कुणी तयार नाही, आणि ऊस कारखान्याला घातला की भावाला रात्री झोप तरी लागते. त्याला मी दोष देत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात आण्णा गेले. रक्षाविसर्जनाला नदीकडं न जाता राख आम्ही रानातल्या नारळाच्या बुंध्यात घातली, तसं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी आजूबाजूचे जुने गुळवे आले होते. कुणीतरी किल्लीची गोष्ट काढली आणि रडतारडता सगळे हसायला लागले. त्यांच्या रक्षाविसर्जनाला माणसं हसली, ह्याचं मला फार समाधान आहे.

मग प्रश्न आला गुळाचा. दुकानातून आणायला लागले. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी 'कोल्हापुरी' म्हणून विकला जाणारा सगळाच गूळ इथला असतो असं नाही, आणि साखर मिसळलेला गूळ ही तर जुनीच तक्रार. एका संक्रांतीला असाच गूळ माझ्या नशिबी आला. पोळी लाटताना ठीक होती, तव्यावर टाकली की कडेनं फुटायची, गूळ बाहेर येऊन जळायचा. उरलेल्या पोळ्या गार झाल्यावर कडक, दातानं तुटेनात. गुळाच्या पोळीतला गूळ गार झाल्यावरही खुसखुशीत राहायला हवा, खाताना विरघळायला हवा. साखरेचा पाक तसा वागत नाही.

ह्या पन्हाळा रस्त्यावरच्या गुळाची पोळी मी दोन हंगाम करतेय. किसताना तो हाताला किंचित चिकटतो, पण गोळा होत नाही. भाजलेलं डाळीचं पीठ, तीळ, खसखस घालून मळला की सारण मऊ राहतं, पोळीच्या कडेपर्यंत पसरतं. फुटण्याचं प्रमाण अगदी कमी. पुरणात घातला तर रंग थोडा काळसर येतो, काही गिऱ्हाइकांनी विचारलं, पण चव घेतल्यावर पुन्हा विचारलं नाही. चहात घातला, दूध फाटलं नाही. पाण्यात विरघळवून बघितला, तळाशी अगदी किंचित गाळ. खारट चव नाही. ऊस कुठला वापरता असं विचारलं तर मालकांनी ९२००५ आणि ८६०३२ अशी नावं सांगितली. ९२००५ हा गुळासाठी नावाजलेला वाण आहे, आण्णाही त्याचं नाव घ्यायचे.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट. गूळ आण्णांच्या तोडीचा आहे, पण काकवी त्यांच्यापेक्षा सरस आहे. आण्णांना काकवीत फार गोडी नव्हती. काकवी म्हणजे अर्ध्यावर सोडलेला गूळ, असं त्यांचं मत. इथला गुळव्या काकवीसाठी वेगळं आधण लावतो, मळी तीनदा काढतो आणि अगदी वेळेवर उतरवतो. ती मधासारखी संथ पडते, महिनोन्महिने तळाशी साखर धरत नाही, आणि जिभेवर आधी ऊस आणि मग गोडवा लागतो. ज्वारीच्या गरम भाकरीवर तूप आणि ही काकवी. आण्णांनी ही चाखली असती तर काहीतरी नाव ठेवलं असतं आणि दुसरी भाकरी मागितली असती.

भाव गेल्या हंगामात गुळाला किलोला ८० रुपये होता, काकवीला थोडा जास्त. दुकानापेक्षा महाग आहे. पण एक टन उसातून शंभर-सव्वाशे किलो गूळ निघतो, त्यात ऊस, तोडणी, आठ-दहा माणसांची मजुरी आणि मालकाचं घर चालायचं, हे मी घरात बघितलेलं आहे. मी घासाघीस केली नाही. अर्धा किलो, एक किलो, पाच किलो अशा ढेपा मिळतात. तीस किलोचा बाजाराचा रवा हवा असेल तर आधी सांगावं लागतं. रसाचा ग्लास विकत आहे, आलं-लिंबू घालून. आण्णांनी रसाचे पैसे जन्मात घेतले नाहीत, पण इथं रविवारी जेवढी माणसं येतात ते बघता पैसे घेणं योग्यच आहे. वाफ्याच्या कडेचा गरम गूळ मात्र मालकीणबाई अजून फुकट देतात, न मागता, आणि म्हातारं माणूस असेल तर तुकडा बोटानं मऊ करून देतात. मी तिथं पुन्हा पुन्हा जाते त्यात ह्याचा मोठा वाटा आहे.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. काहिलीभोवती कठडा नाही. रविवारी शहरातून माणसं येतात, लहान पोरं हातात फोन धरून वाकून बघतात. उकळत्या पाकाचा थेंब कातडीवर पडला तर तो पुसला जात नाही, चिकटून जाळत राहतो. आण्णांच्या उजव्या मनगटावर तसा एक डाग होता. आमच्या गुऱ्हाळावर त्यांनी जमिनीवर चुन्याची रेघ मारलेली असायची आणि रेघेच्या आत आलेल्या पोराला दोरीनं खांबाला बांधायचे, दोन मिनिटं, गाणं म्हणेपर्यंत. मी मालकांना निदान बांबूचा आडवा टाका म्हणून सांगितलंय. त्यांनी ऐकून घेतलं, पण हे लिहीपर्यंत बांबू दिसलेला नाही.

दुसरं म्हणजे काकवी गरम असतानाच प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरतात. बाटली चेपते, वास लागतो. मी सरळ स्टीलचा डबा घेऊन जाते, ते आनंदानं भरून देतात. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही, मालकांच्या घरी जावं लागतं. आणि रविवारी दुपारी गेलात तर गुळव्याशी बोलायलाही मिळत नाही, सगळे गिऱ्हाइकांत गुंतलेले. त्या गर्दीत मळीकडं दुर्लक्ष होतं की काय असं मला एकदा वाटलं, कारण त्या दिवशीची एक ढेप घरी आणल्यावर किंचित खरखरीत लागली. मी फोन केला. मालकांनी काही न विचारता बदलून दिली, आणि ती ढेप गुळव्यानं स्वतः चाखून बघितली. त्याचा चेहरा उतरला होता. गुळव्याला आपल्या गुळाची लाज वाटते, तिथं गूळ फार काळ बिघडत नाही.

परवा त्याच अबोल गुळव्याला मी आमच्या किल्लीची गोष्ट सांगितली. शेवटपर्यंत ऐकली, एकदाही हसला नाही, झारा फिरवत राहिला. मला वाटलं ह्याला आवडली नाही. मी ढेपा पिशवीत भरून निघाले तर मागून त्याच्या बायकोचा आवाज आला. ती आपल्या नव्या पोऱ्याला सांगत होती की मालकाच्या घरी जा आणि काहिलीची किल्ली मागून आण.

जायचं असेल तर आठवड्यातल्या मधल्या वारी, सकाळी सातच्या आत पोचा. पहिलं आधण तेव्हा मळीवर असतं, म्हणजे सगळं नीट बघायला मिळतं. पोळीसाठी गूळ हवा तर तसं तोंडानं सांगा, ते जरा मऊ उतरलेल्या ढेपा बाजूला काढून देतात. लाडवाला कुठलाही चालतो. चिक्कीचा चिकट गूळ रोज करत नाहीत, तो हवा असेल तर चार दिवस आधी कळवावं लागतं. डबा आपला न्या, पोरांचा हात सोडू नका.